पोरगं नेमकं कशाला हसतंय? ओपन वर्ल्ड गेमच्या आतलं शहर

मागच्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. ती राहते सीवूड्सला, मी ठाण्यात वर्तकनगरला, आणि एवढ्या रात्री ती सहसा फोन करत नाही म्हणून मी आधी बाबांच्या तब्येतीचंच विचारलं. ती म्हणाली, "ते सगळं ठीक आहे रे, हा तुझा भाचा बघ काय करतोय. त्या गेममध्ये ह्याने फुटपाथवर गाडी घातली, एक माणूस उडाला, मग ॲम्ब्युलन्स आली, तिने येता येता दुसऱ्यालाच उडवलं, आणि हा पोट धरून हसतोय. माणूस मेल्यावर हसतात का रे? मला खरंच भीती वाटते."

भाचा नववीत आहे, गेम होता जीटीए पाच. जीटीए म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो, गुन्हेगार होऊन शहरात फिरायचा गेम. भाओजींचं म्हणणं असे गेम पोरांना बिघडवतात, बंद करून टाका. भाच्याचं म्हणणं, आई हा नुसता गेम आहे, तू उगाच टेन्शन घेतेस. ताईला दोन्ही उत्तरं पटली नव्हती आणि मला वाटतं तिचंच बरोबर होतं, कारण तिचा प्रश्न वेगळाच होता, तो नेमकं कशाला हसतोय हा. मी प्रोग्रामिंगचं काम करतो आणि कॉलेजपासून असले गेम खेळतोय, त्यामुळे ह्या प्रश्नाचं उत्तर मला देता यायला हवं असं मला मनापासून वाटलं, आणि ते द्यायचं तर गेमच्या आत शिरावं लागतं. म्हणून रविवारी ठाणे-पनवेल लोकल पकडून तिच्याकडे गेलो आणि दुपारभर जे सांगितलं तेच इथे लिहितोय, इतर ताया आणि भाओजींनाही उपयोग होईल.

आधी ओपन वर्ल्ड म्हणजे काय ते बघू. पूर्वीचे गेम जिन्यासारखे असायचे, एक पायरी चढलात की दुसरी, मारिओ आठवा, उजवीकडे पळत राहायचं, लेव्हल संपली की पुढची. ओपन वर्ल्डमध्ये तुम्हाला एक अख्खं शहर देतात आणि म्हणतात जा, कुठेही जा. गोष्ट असते, कामं असतात, त्यांना मिशन म्हणतात, पण ती आत्ता करा, उद्या करा, नाहीतर करूच नका, समुद्रकिनारी गाडी लावून सूर्यास्त बघत बसा, गेम तुम्हाला हाकलत नाही. जीटीए पाच १७ सप्टेंबर २०१३ ला आला, पहिल्या ३ दिवसांत १०० कोटी डॉलरची विक्री झाली आणि आजवर २० कोटींहून जास्त कॉप्या गेल्यात. त्यातलं शहर लॉस सँटोस, ते बेतलंय अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसवर.

नवी मुंबईत राहणाऱ्यांना हे समजायला खरं तर सोपं आहे. आपली बहुतेक शहरं आपोआप वाढत गेली, नवी मुंबई मात्र आधी कागदावर आली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, मग नोड, सेक्टर, रस्ते, स्टेशनं कुठे असतील ते आखलं गेलं आणि माणसं राहायला आली नंतर. गेमचं शहरही असंच बनतं, आधी रस्ते, चौक, सिग्नल, दुकानं, आणि शेवटी त्यात माणसं सोडायची. फक्त एक फरक आहे आणि तो मोठा आहे. नवी मुंबईच्या जागेवर आधीपासून आगरी-कोळी लोकांची गावं होती, त्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची देवळं अजूनही सेक्टरांच्या मधोमध उभी आहेत. गेमच्या शहराखाली कुणाचंच गाव नसतं. तिथल्या माणसाला कालचा दिवस नाही आणि उद्याचाही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एवढं शहर मशीनमध्ये मावतं कसं? जीटीए पाच सुरुवातीला ज्या प्लेस्टेशन ३ वर आला त्यात मेमरी होती २५६ एमबी आणि चित्रांसाठी वेगळी २५६ एमबी, बस. आज आपल्या साध्या फोनमध्ये ६-८ जीबी असते, म्हणजे त्याच्या १२ ते १६ पट. मग डोंगर, वाळवंट, समुद्र, हायवे, हजारो इमारती एवढ्याशा जागेत कशा बसवल्या? उत्तर असं की बसवल्याच नाहीत.

समजा तुम्ही वाशीहून बेलापूरला पाम बीच रोडने निघालात. सानपाड्याजवळ असताना तुम्हाला दिसतं काय तर सानपाडा आणि थोडं पुढचं, बेलापूर काही दिसत नाही. मग गेम म्हणतो की बेलापूर आत्ता मेमरीत कशाला ठेवू? गाडी जशी पुढे सरकते तसं पुढचं नेरूळ डिस्कवरून उचलून आणायचं आणि मागचं वाशी पुसून टाकायचं, आणि हे एवढ्या गुपचूप करायचं की खेळणाऱ्याला वाटावं अख्खं शहर कायम तिथेच आहे. ह्याला स्ट्रीमिंग म्हणतात. लांबच्या इमारती आधी नुसत्या खोक्यासारख्या असतात, जवळ गेलात की त्यांना खिडक्या, ग्रिल, पाट्या येतात. तुम्ही फार जोरात गाडी पळवली आणि मशीन मागे पडलं तर कधीकधी रस्ताच उशिरा येतो, तो झोल पोरांनी बघितलेला असतो.

२००१ च्या जीटीए तीनमध्ये प्लेस्टेशन २ ची मेमरी होती ३२ एमबी, तिथे तर शहराचे सरळ तीन तुकडे केले होते, तीन बेटं, एका बेटावरून दुसऱ्यावर गेलात की थांबा, लोडिंग चालू आहे. म्हणजे कसं, वाशीच्या खाडीपुलावर प्रत्येकाला उभं करायचं आणि तोपर्यंत मागे मुंबई पुसून पुढे वाशी मांडायची. सुरुवातीला पुढच्या बेटावर जाताच येत नाही कारण गोष्टीत तो पूल स्फोटात तुटलेला असतो. २००४ च्या जीटीए सॅन अँड्रियासमध्ये तीन शहरं आणि मधली खेडी होती आणि बाहेर फिरताना कुठेच थांबावं लागत नव्हतं, तेव्हा मी ते पहिल्यांदा बघितलं आणि गाडी नुसती सरळ चालवत राहिलो, मिशन वगैरे काही नाही, फक्त कुठे तुटतंय का ते बघायला. तुटलं नाही. ज्यांनी हे केलं त्यांच्याबद्दल मला आजही फार आदर वाटतो.

हीच युक्ती माणसांनाही लावलेली असते आणि ताईच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथे आहे.

त्या रविवारी मी भाच्याला म्हटलं, एका चौकात गाडी उभी कर आणि दहा मिनिटं काहीच करू नकोस. त्याला ते फार कठीण गेलं पण केलं त्याने. ताई शेजारी बसून बघत होती. लोक येत होते, जात होते, कुणी फोनवर बोलतंय, कुणी थांबून इकडेतिकडे बघतंय, सिग्नलला गाड्या थांबतायत, आणि हिरवा झाल्यावरही आम्ही हललो नाही तर मागचे हॉर्न वाजवायला लागले. थोड्या वेळाने ताई म्हणाली, "अरे हा टोपीवाला मघाशीच गेला ना? पुन्हा त्याच बाजूने कसा आला?"

बरोबर पकडलं तिने. तो टोपीवाला गेलाच नव्हता कुठे, तो कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला तसा संपला, आणि त्याच साच्यातून दुसरा काढून गेमने पलीकडून पाठवला. मेमरी थोडी म्हणून साचेही थोडेच उघडे ठेवतात, आळीपाळीने वापरतात. म्हणूनच ह्या गेममध्ये तुम्ही एखादी दुर्मिळ गाडी पकडलीत की अचानक रस्त्यावर सगळीकडे तीच गाडी दिसायला लागते, कारण तिचा साचा आता मेमरीत आलाय, गेमला तो वापरणं स्वस्त पडतं. शहरात लाखो लोक राहतात असं वाटतं, पण कुठल्याही क्षणी असतात ते फक्त तुमच्या आजूबाजूचे काही जण. तुम्ही पाठ फिरवलीत की ते घरी जात नाहीत. त्यांना घरच नाही.

भाच्याला हे शब्दांत सांगता येत नव्हतं पण हाताने पक्कं माहीत होतं. तास दोन तास खेळलेल्या कुठल्याही पोराला ते कळतं, ही माणसं म्हणजे सिग्नल आणि खांबांसारखीच शहराची एक यंत्रणा आहे. ताईला मात्र, जी पहिल्यांदा बघत होती, तिला तिथे माणूस दिसत होता. दोघं एकाच स्क्रीनकडे बघत होते आणि दोघांना वेगवेगळं दिसत होतं.

मग ह्या माणसांना चालवतं कोण? असं समजा की प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर लिहिलंय: फुटपाथवरून चाल. कुणी धक्का दिला तर ओरड. बंदुकीचा आवाज आला तर पळ. गाडी अंगावर आली तर बाजूला उडी मार. काहींच्या चिठ्ठीवर पळ ऐवजी भांड लिहिलेलं असतं, म्हणून एखादा अंगावर धावून येतो. ॲम्ब्युलन्सच्या चिठ्ठीवर असतं की कुठे माणूस पडला असेल तिथे जोरात जा, सिग्नलला थांबू नकोस. पोलिसांच्या चिठ्ठीवर, गुन्हा झाला की तिकडे वळ. हे अगदी ढोबळ सांगतोय, आतमध्ये खूप बारकावे असतात, पण कल्पना हीच.

आता गंमत बघा. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर आहे. पण सगळ्या एकाच चौकात एकाच वेळी वाचल्या गेल्या की काय होतं? एक माणूस पडला, ॲम्ब्युलन्स जोरात निघाली, तिच्या वाटेत फुटपाथवरचा दुसरा माणूस दुसऱ्याच गाडीला घाबरून उडी मारून आला, ॲम्ब्युलन्सने त्याला उडवलं, तिथे उभ्या असलेल्या पोलिसाला गाडीचा धक्का लागला, आता पोलीस ॲम्ब्युलन्सवर बंदूक रोखून उभा. हे कुणीही लिहिलेलं नाही. कंपनीतल्या कुठल्याही लेखकाने असा प्रसंग रचलेला नाही, उद्या तोच चौक, तीच गाडी घेऊन गेलात तरी तसाच पुन्हा घडेल ह्याची खात्री नाही. भाचा हसला ते ह्या साखळीला. मी ताईला विचारलं, पहिला माणूस उडाला तेव्हा हसला होता का हा? ती जरा विचार करून म्हणाली, नाही, ती ॲम्ब्युलन्स आली तेव्हा.

ह्यात पडण्याचाही मोठा हात आहे. २००८ च्या जीटीए चारमध्ये नॅचरलमोशन ह्या ऑक्सफर्डच्या कंपनीचं युफोरिया नावाचं तंत्र आलं, त्याआधी माणूस पडायचा तो आधीच बनवून ठेवलेल्या हालचालीप्रमाणे, दर वेळी थोडंफार सारखाच. युफोरियात शरीराला वजन आणि स्नायू दिल्यासारखं असतं, धक्का लागला की तो तोल सावरायला बघतो, हात पसरतो, एक पाय पुढे टाकतो, रेलिंग धरायला जातो आणि मग पडतो. सावरायचा प्रयत्न आणि तरीही पडणं, ह्याला माणूस हजारो वर्षं हसत आलाय, जत्रेत केळ्याच्या सालीवरून घसरणारा विदूषक उभा केला तरी लोक हसतात. पण इथेच अस्वस्थही वाटतं, कारण पडणं जितकं खरं दिसतं तितकं ते हसण्याच्या आणि कळवळण्याच्या सीमेवर येतं. ताईला कळवळा आला ह्यात तिचं काहीही चुकलं नाही. बनवणाऱ्यांनी तेवढं खरं बनवलंय म्हणून तो आला.

आणि ही सगळी मालिकाच मुळात एका गडबडीतून जन्मली हे फार थोड्यांना माहीत असतं. पहिला जीटीए १९९७ चा, स्कॉटलंडमधल्या डंडी गावातल्या डीएमए डिझाइन कंपनीने केलेला. बनत असताना त्याचं नाव होतं रेस अँड चेस, साधा चोर-पोलीस पाठलागाचा खेळ, आणि बनवणाऱ्यांनी नंतर सांगितलंय की तो काही मजा देत नव्हता. मग एक दिवस पोलिसांच्या गाड्या चालवणाऱ्या कोडमध्ये गडबड झाली, पोलीस वेड्यासारखे खेळणाऱ्याच्या गाडीवर धडका मारायला लागले, आणि टेस्ट करणाऱ्यांना तेच आवडलं, ते उठेचनात. तिथून गेमची दिशा बदलली. जीटीए तीनमध्ये दूरच्या निशाण्याच्या बंदुकीने चंद्रावर गोळी झाडली की चंद्र लहान-मोठा होतो, हेही असंच, चंद्र केवढा हवा ह्यावर चित्रकारांचं एकमत होईना म्हणून प्रोग्रामरने त्यांना निवडायला ती सोय करून दिली आणि ती काढायची राहून गेली. मला ह्या गोष्टी फार प्रिय आहेत.

पोलिसांच्या ताऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारे येतात, गुन्हा वाढला की तारे वाढतात, जुन्या भागांत सहापर्यंत, पाचव्यात पाचपर्यंत. एका ताऱ्याला साधी गाडी येते, पुढे हेलिकॉप्टर वगैरे. पाचव्या भागात छोट्या नकाशावर पोलिसांना कुठवर दिसतंय ते दाखवतात, त्यांच्या नजरेबाहेर गेलात की तारे लुकलुकायला लागतात आणि काही वेळ लपून राहिलात की जातात. मेलात तर हॉस्पिटलच्या बाहेर पुन्हा उभे, थोडे पैसे कापून. म्हणजे शिक्षा आहे पण हलकी आहे आणि ते मुद्दाम आहे, कारण शिक्षा जड केली तर कुणी काही करूनच बघणार नाही, सगळे सिग्नलला नीट थांबतील आणि ती साखळी घडणारच नाही. हा डिझाइनचा निर्णय आहे, आणि पालकांनी तो समजून घ्यावा असं मला वाटतं, कारण खऱ्या पाम बीच रोडवर अठराव्या वर्षी लायसन मिळालेल्या पोराला पैसे कापून पुन्हा उभं करणारं हॉस्पिटल नाही. हे पोरांशी बोलायलाच हवं, एकदा नाही, अनेकदा.

आता विनोदाची दुसरी बाजू, जी भाच्याला दिसतच नव्हती. जीटीएतला अर्धा विनोद गाडीतल्या रेडिओवर आहे, रस्त्यावरच्या जाहिरातींत आहे. फेसबुकची टिंगल करणारी लाईफइन्व्हेडर नावाची कंपनी आहे, बोलघेवडे रेडिओवाले आहेत, बंदुका आणि बर्गर एकाच सुरात विकणाऱ्या जाहिराती आहेत. आता जीटीए बनवणारी रॉकस्टार ही कंपनी न्यूयॉर्कची पण तिचे संस्थापक हाउझर बंधू लंडनचे आणि मुख्य स्टुडिओ एडिनबरामध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्या माणसांनी अमेरिकेची उडवलेली ही खिल्ली आहे. आपल्याकडे तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाला, प्रधानाला, हवालदाराला तोंडावर बोलतो आणि लोक हसतात कारण त्यांनी खरा हवालदार बघितलेला असतो. अमेरिकेतली पैशाची हाव, प्रसिद्धीचं वेड, पोलिसांचा माज हे ज्याला माहीत आहे त्याला लॉस सँटोसचा रेडिओ ऐकून हसू येतं आणि वाईटही वाटतं. चौदा वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळणार, त्याच्यासाठी तो इंग्लिशमध्ये बडबड करणारा आवाज, तो गाणं लावतो आणि पुढे जातो. वयाचा शिक्का कशाला असतो ते इथे कळतं. युरोपात ह्या गेमवर १८ चा शिक्का आहे, अमेरिकेत १७ चा. शिव्या, नशा, उघडीनागडी दृश्यं हे तर आहेच, पण ज्या वयात टिंगल ही टिंगल म्हणून कळत नाही त्या वयात ती नुसती शिकवणूक होऊन बसते.

आणि एक प्रसंग असा आहे जो मला स्वतःला सहन होत नाही. जीटीए पाचमध्ये एक मिशन आहे, त्यात बांधून ठेवलेल्या माणसाचा छळ करून माहिती काढायची, आणि तो छळ तुमच्याच हातून, तुम्हीच बटणं दाबायची, टाळायची सोय गोष्टीत दिलेली नाही. नंतर त्यातलंच पात्र, ट्रेव्हर, त्या माणसाला विमानतळाकडे नेताना सांगतो की छळाने खरी माहिती कधी मिळतच नाही. लेखकांना सरकारी छळावर टीका करायची होती हे दिसतं. २०१३ मध्ये ह्यावर खूप वाद झाला. माझं मत असं की इतका वेळ ज्या गेमने सगळं माझ्यावर सोडलं त्याने इथे माझा हात धरून ते करवून घेतलं, आणि त्यात कुठलीही साखळी नाही, अचानक घडलेलं काही नाही, फक्त एक माणूस विव्हळतोय. हे मी ताईला लपवलं नाही. चौकातल्या गोंधळाला हसणारा पोरगा आणि छळाचा हा प्रसंग, ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गेममध्ये खून आहे एवढं म्हटलं की दोन्ही एकाच गोणीत जातात.

ह्याच्या बरोबर उलट उदाहरण म्हणजे पोस्टल दोन, २००३ चा, अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या एका छोट्या कंपनीचा. तो फारच गलिच्छ आहे, मी कुणालाही खेळा म्हणणार नाही, न्यूझीलंडने त्यावर बंदीच घातली. पण त्याची कल्पना विचार करण्यासारखी आहे. सोमवार ते शुक्रवार, रोज कामांची यादी, पहिल्या दिवशी पगाराचा चेक घ्या, बँकेत वटवा, दूध आणा. बँकेत रांग आहे. शांतपणे रांगेत उभं राहिलात तर चेक वटतो. आणि तुमच्याजवळ बंदूकही आहे. अख्खा गेम एकाही माणसाला न मारता पूर्ण करता येतो, आणि तसा केलात तर शेवटी गेम तुम्हाला "येशू" अशी हाक मारून आभार मानतो. भर दुपारी बँकेत टोकन घेऊन उभं राहिलेल्या कुणालाही तो पहिला दिवस लगेच समजेल. इथे गेम काहीच करायला लावत नाही, तो नुसता रांगेत उभं करतो आणि बघतो.

भाओजी मध्येच म्हणाले, हे सगळं ठीक, पण अभ्यास काय सांगतो, पोरं हिंसक होतात की नाही? २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे १००० चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला, गेम किती हिंसक हे मुलांना विचारून नाही तर त्यावरच्या अधिकृत शिक्क्यावरून ठरवलं, मुलाचं वागणं पालकांना विचारलं, आणि काय मोजणार ते आधीच जाहीर केलं म्हणजे नंतर हवा तो निष्कर्ष काढता येऊ नये. त्यांना संबंध सापडला नाही. २०२० मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने म्हटलं की खऱ्या हिंसाचाराचं खापर ह्या गेमवर फोडायला पुरेसा पुरावा नाही, पण ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाशी लहानसा संबंध दिसतो. मी भाओजींना दोन्ही सांगितलं, कारण एकच सांगणं बरोबर झालं नसतं.

मला जास्त काळजी वाटते ती ऑनलाइन भागाची. तिथे समोरचा टोपीवाला साच्यातून आलेला नसतो, कुणीतरी खरा माणूस असतो, कुठल्या वयाचा, कुठल्या देशातला ते माहीत नाही, आणि तो हेडफोनमधून थेट पोराच्या कानात बोलत असतो. शिवाय तिथे खरे पैसे देऊन गेममधले पैसे विकत घेता येतात आणि २०१९ पासून गेममध्ये कॅसिनोही आहे. भाच्याच्या हेडफोनमध्ये काय चाललंय ते ताईला कधी ऐकूच आलं नव्हतं, तिने फक्त स्क्रीन बघितली होती. मी तिला म्हटलं, उडालेला माणूस सोड, हा हेडफोन काढ आणि स्पीकर लाव. पंधरा मिनिटांत तिला जे कळायचं ते कळलं.

मग निर्णय तिने घेतला, मी नाही. गेम बंद, अठरा होईपर्यंत. भाच्याने तोंड पाडलं, जेवला नाही नीट, मला म्हणाला, मामा तूच सांग ना आईला, तूपण खेळतोस. मी म्हटलं आईचं बरोबर आहे, पण ती ॲम्ब्युलन्सवाली गोष्ट तुला स्वतःला घडवायचीय का? त्याला आधी कळलंच नाही मी काय म्हणतोय.

त्याला मी आधी एक गोष्ट सांगितली. जीटीएचा ऑनलाइन भाग वर्षानुवर्षं सुरू व्हायलाच प्रचंड वेळ घ्यायचा, लोक चहा करून यायचे. २०२१ मध्ये एका बाहेरच्या प्रोग्रामरने, कंपनीचा कोड हातात नसताना, ह्याचं कारण शोधलं. गेम सुरू होताना विकायच्या वस्तूंची एक यादी वाचतो, १० एमबीची, सुमारे ६३ हजार वस्तू. असं समजा की सोसायटीच्या सेक्रेटरीला ६३ हजार फ्लॅटचं रजिस्टर वाचायचंय, आणि तो प्रत्येक नाव वाचण्याआधी अख्खं रजिस्टर शेवटच्या पानापर्यंत मोजतो, मग पुढच्या नावाआधी पुन्हा मोजतो. वर प्रत्येक नवं नाव आधीच्या सगळ्या नावांशी ताडून बघतो की दोनदा तर आलं नाही ना, जेव्हा यादीत एकही नाव दोनदा नसतं. त्या माणसाने ह्या दोन जागा दुरुस्त केल्या, त्याच्या मशीनवर ६ मिनिटांचं लोडिंग २ मिनिटांच्या आत आलं, आणि कंपनीने ती दुरुस्ती गेममध्ये घेतली आणि त्याला १०,००० डॉलर दिले. भाचा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, म्हणजे आत बघता येतं?

तेव्हापासून तो महिन्यातून दोन रविवार माझ्याकडे ठाण्याला येतो. गोडो नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर आहे, पूर्ण फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्याने एक रस्ता केला, एक खोका म्हणजे गाडी, आणि औषधाच्या कॅप्सूलसारखी दिसणारी दहा माणसं. चिठ्ठीत एकच ओळ ठेवली, गाडी जवळ आली की पळ. पळायचं कुठे तर गाडीपासून लांब, त्यासाठी माणसाच्या जागेतून गाडीची जागा वजा करायची, जी दिशा येईल तिकडे धावायचं. त्याने वजाबाकी उलटी केली. गाडीतून माणूस वजा केला.

प्ले दाबलं, गाडी निघाली, आणि दहाच्या दहा कॅप्सूल लग्नाच्या वरातीतल्या पाहुण्यांसारख्या गाडीकडे धावत सुटल्या, तिला चिकटल्या, गाडी ढकलली गेली, फुटपाथवर चढली, खांबाला टेकली, तरी हे ढकलतच होते. तो खुर्चीवरून खाली बसला हसून हसून. ताई फोनवरच होती, जेवलास का विचारायला केला होता तिने, तिने मला विचारलं काय झालं रे, हा असा का हसतोय. मी म्हटलं, तोच आवाज आहे ना गं त्या रात्रीचा? ती जरा थांबली आणि म्हणाली, हो, तोच.

मी भाच्याला म्हटलं आता ते चिन्ह बदल. तो म्हणाला, थांब ना मामा, आधी अजून वीस माणसं टाकतो.